सोप्यातल्या चौकटी कुणाला

व्हार्निश मारायला कुणी सांगितलं होतं, याचं उत्तर मला अजून मिळालेलं नाही. सम्राटला विचारलं की तो रंगाऱ्याकडं बोट दाखवतो, रंगारी सुनेकडं, स्वप्नालीकडं, आणि ती म्हणते, "आत्ती, तुमच्यासाठीच केलं की." माझ्यासाठी. मी दिवाळीत दवाखान्यात छातीला वायरी लावून पडलेली, आणि इकडं घरात माझ्या मोजायच्या मण्यांच्या चौकटींना चकचकीत व्हार्निश मारून, स्क्रूनं भिंतीत आवळून, वर पिवळा दिवा सोडलेला. मी घरी आले तर पोरगा आणि सून दारात उभे राहून माझ्या तोंडाकडं बघतात, मी खूश झाले का ते. मी चप्पल काढली आणि पहिल्या चौकटीला हात लावला. मणी हलला नाही. त्याच्या शेजारचाही नाही. सगळे मणी तारेला चिकटून बसलेले. इतकी वर्षं पोरांच्या बोटांनी सरकत आलेली वस्तू, तिचा ह्यांनी आठवडाभरात फोटो करून भिंतीला लावला. हार तेवढा घालायचा राहिला होता.

अमरसिंह वकील म्हणतात, मृत्युपत्राची सुरुवात अशी करत नाहीत. "आक्का, आधी नाव, वय आणि मन ठिकाणावर हाय एवढं लिहा. मग भांडा." हा अमरसिंह माझ्याच पुढच्या सोप्यात चड्डीवर बसून आकडे शिकला, म्हणून त्याचं ऐकते.

मी, झुंबरबाई आकाराम वरुटे, वय चोपन्न, धंदा लहान मुलांना आकडे शिकवणे, राहणार शिवाजी पेठ, कोल्हापूर, हे मृत्युपत्र स्वतःच्या हातानं आणि स्वतःच्या अकलेनं लिहून ठेवते. माझं मन ठिकाणावर आहे. शरीर दमलेलं आहे, पण कायदा शरीराचं विचारत नाही असं वकील म्हणाले. माझ्यावर कुणाची जबरदस्ती नाही, या घरात ती करेल असं अजून कुणी जन्मलेलं नाही. माझं शिक्षण चौथीपर्यंत. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेलं नाही, यापुढं करायची ताकद नाही, तेव्हा हेच पहिलं आणि हेच शेवटचं समजावं.

लिहायचं कारण असं, की चोवीस तारखेला, सोमवारी, माझ्या काळजाची झडप बदलायची आहे. डॉक्टर म्हणाले, "मावशी, घाबरू नका." मी म्हटलं, "घाबरलेली न्हाई, दमलीया." त्यांनी आणखी एक सांगितलं, की यातून उठले तरी पोरांच्यात खाली बसणं, उचलणं, ओरडणं बंद. म्हणजे मी जगले काय किंवा मेले काय, सोप्यातल्या पोरांचा प्रश्न तोच राहतो. तो सोडवायला हा कागद आहे. बाकीची वाटणी सोबत करून टाकते.

कलम लाभ. (वकिलांनी 'कलम एक' लिहायला सांगितलं होतं. मी पहिल्याला एक म्हणत नाही, लाभ म्हणते. का, ते पुढं येईल.)

शिवाजी पेठेतलं राहतं घर माझ्या मालकीचं आहे. माझे मयत पती आकाराम, ज्यांना मी जन्मभर मालक म्हणत आले, त्यांनी हयातीतच ते माझ्या नावावर केलं. चतुःसीमा अशी: पूर्वेस रस्ता. पश्चिमेस धोंडुबाईंचं परसू, जिथून त्यांच्या कोंबड्या आमच्यात येतात. उत्तरेस बोळ. दक्षिणेस तालमीची मागची भिंत, तिच्यावर पोरांचा फुटबॉल येऊन आपटतो. नवीन पोरांना तो आवाज मोजायला लावावा, फुकटचं साधन आहे.

या घरातलं स्वयंपाकघर, माजघर आणि वरची खोली माझा मुलगा सम्राट आणि सून स्वप्नाली या दोघांना सारख्या हक्कानं मिळावीत. भांडण करायचं असेल तर दार लावून करावं. पुढचा सोपा, म्हणजे रस्त्याकडची मोठी खोली, या वाटणीतून मी वेगळी काढली आहे. तिचं शेवटच्या कलमात.

कलम दोन. माझी बोरमाळ स्वप्नालीला. तिला काही अट नाही. व्हार्निशच्या आधीही मी हेच ठरवलं होतं, व्हार्निशनंतरही तेच आहे. बँकेत जे काय असेल ते आधी दवाखान्याला जाईल, उरलं तर सम्राटनं घ्यावं आणि माझ्या तेराव्याला पेठभर जेवण घालू नये. ज्यांनी मला दवाखान्यात येऊन बघितलं नाही त्यांनी माझ्या नावानं बुंदी खायची गरज नाही.

कलम तीन. मापं आणि तराजू.

माझं माहेर कोडोली. माझा बाप बाजारात धान्य मोजायचा. शेतकऱ्यानं जोंधळ्याची रास घातली, की व्यापारी एका बाजूला, शेतकरी एका बाजूला आणि मध्ये माझा बाप माप घेऊन. पहिलं माप ओतताना एक म्हणायचं नाही, लाभ म्हणायचं. एक म्हटलं तर रास एकावरच राहील अशी समजूत. आणि दुसरी गोष्ट, आकडा तोंडातून सोडायचा नाही. एक माप ओतून दुसरं भरेपर्यंत तोच आकडा म्हणत राहायचं. लाभ, लाभ, लाभ, लाभ. माप ओतलं की दोन, दोन, दोन, दोन. माणसं बोलतात, जनावरं हंबरतात, कुणी मध्येच काहीतरी विचारतं, पण आकडा तोंडात धरलेला असतो, म्हणून चुकत नाही. मी पोत्यावर बसून हे ऐकलं. माझी खरी शाळा ती.

लहान पोरांचं बघा. त्यांचं तोंड पुढं पळतं आणि बोट मागं राहतं. समोर चार चिंचोके ठेवले तर बोट तिसऱ्यावर असतं आणि तोंड सातावर गेलेलं. आईबाप म्हणतात, आमच्या पोराला शंभरपर्यंत येतंय. येत नाही, ते गाणं म्हणतंय. त्याला मापाड्यासारखं आकडा धरायला शिकवला, की तोंड बोटासाठी थांबतं. मी केलं ते एवढंच. त्यात माझी हुशारी काही नाही, बापाची सवय आहे.

तर बापाची शेर, अच्छेर आणि पावशेराची पितळी मापं, तराजू आणि लोखंडी वजनं जे कुणी माझ्यामागं पोरांना मोजायला शिकवेल त्याला मिळावीत. मापं घासूनपुसून शोकेसमध्ये ठेवायची नाहीत. त्यात जोंधळे भरायचे, ओतायचे, सांडले तर पोरांकडून वेचून घ्यायचे. वेचताना पोरं आपसूक मोजतात.

कलम चार. जुन्या रागांची वाटणी.

माझ्या थोरल्या जावेनं सासूचं तांब्याचं घंगाळ नेलं ते तिनं ठेवून घ्यावं. मला आता ते उचलवत नाही.

सम्राट पहिलीत असताना त्याच्या मास्तरांनी भर वर्गात सांगितलं, या पोराला डोकं नाही. मास्तर वारले. त्यांना माफ केलेलं नाही, पण त्यांच्यामुळंच पुढचं सगळं झालं, म्हणून शिवी पण देत नाही. त्या दिवशी सम्राट रडत घरी आला. मालक लाकूड कातायचं काम करायचे, लाटणी, पाळण्याचे खांब, भोवरे. त्यांनी उरलेल्या हळदूच्या लाकडाच्या तुकड्यांचे मणी कातले, लाखेचा रंग दिला, सायकलच्या चाकातल्या तारा ताणून चौकट केली आणि माझ्यापुढं ठेवली.

"शिकीव त्याला."

"मी चौथी शिकलेली. मी काय शिकवू?"

"तुझा बाप कितवी शिकलेला? मोजायचा न्हवं?"

सम्राट त्या चौकटीवर शिकला. मग शेजारचं पोर आलं, मग त्याच्या शेजारचं. मालकांनी आणखी चौकटी केल्या. सोपा भरला. हे लिहायचं कारण, माझी पहिली चौकट ज्याच्यासाठी झाली तोच आता म्हणतो, "आई, सोप्याचं तोंड रस्त्यावर हाय. मण्यांपेक्षा मोबाईल चालंल."

मी म्हटलं, "मणी चालतच हुते. तुम्हीच चिकटवलं."

त्याला सोप्यात मोबाईलचं दुकान टाकायचं आहे. त्याचंही चुकीचं म्हणत नाही. रोज हातकणंगल्याच्या कंपनीत जाऊन येऊन तोही दमतो. दमलेल्या माणसाला दमलेला माणूस कळतो. सम्राटवर माझा राग नाही. त्याला डोकं आहे, हे मी लेखी देते.

मोनाचं भांडण मात्र ताजं आहे. मोना निगवेकर, समोरच्या इमारतीतली. तिचा राजवीर माझ्याकडं दोन वर्षं होता. मोठ्या शाळेत मुलाखतीला नेलं, मॅडमनी मोजायला सांगितलं, पोरगं म्हणालं लाभ, दोन, तीन. शाळेनं घेतलं नाही. मोना माझ्या दारात येऊन सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशी बोलली.

"आक्का, मॅडम म्हणत्यात ह्याला बाकी सगळं येतंय, एकच येत न्हाई. एक म्हणायला काय जड जातंय तुम्हाला?"

"रास घालताना एक म्हणत न्हाईत, मोना."

"रास कुठं हाय, आक्का? पोरगं शाळंत चाललंय."

त्यानंतर तिच्या इमारतीतली पोरं यायची बंद झाली. तर जी कुणी माझ्या जागी बसेल तिनं मुलाखतीच्या आधी पोरांना 'एक' म्हणायला पण शिकवावं. मोनाची एवढी मागणी मी मान्य करते. सोप्यात मात्र लाभच. शिवाय मोनाला मी या कागदावर साक्षीदार घेतली आहे. वकील म्हणाले, भांडणातली बाई कशाला? मी म्हटलं, भांडणातली आहे म्हणूनच. उद्या कुणी म्हणालं की म्हातारीला फूस लावून लिहून घेतलं, तर मोना माझी बाजू घ्यायला खोटं बोलली असं कुणी म्हणणार नाही.

कलम पाच. स्वप्नालीबद्दल.

स्वप्नाली वरच्या खोलीत अबॅकसचा क्लास घेते. तिच्याकडं मोठी पोरं येतात, हातात छोटी प्लास्टिकची पाटी, वरचा मणी पाचाचा, खालचे एकेकाचे. मग पाटी बाजूला ठेवून हवेत बोटं हलवून हिशेब करतात. ती घड्याळ लावते. मी खोटं लिहिणार नाही, पोरं झपाट्यानं करतात आणि कप घेऊन येतात. तिनं त्याची परीक्षा दिली आहे, सर्टिफिकेट आहे, ते जिन्यात लावलंय. असू दे. पण तिच्याकडं जायच्या आधी पोराला पाच म्हणजे किती, हे हाताला कळलेलं असावं लागतं. ते खाली कळतं. खाली बंद झालं तर वर येणारी पोरं नुसतीच बोटं हलवतील. हे तिला माहीत आहे. ती स्वतःच एकदा म्हणाली, "आत्ती, तुमच्याकडनं आलेली पोरं मला सांगायला लागत न्हाईत." बोलायला पाहिजे होतं, पण तेव्हा कुकरची शिट्टी झाली.

आता व्हार्निशचं पुढचं. दिवाळीची सुट्टी संपली आणि पोरं आली. मी आत कॉटवर पडून, दार उघडं. स्वप्नालीनं त्यांना भिंतीपुढं ओळीनं उभं केलं, म्हणाली, "बघा, आपल्या आक्कांच्या चौकटी किती छान दिसत्यात." शिवलीला म्हणून एक पाच वर्षांची आहे, घरात कानडी बोलतात, आमच्यात येऊन मराठी बोलायला लागली. ती टाचा उंचावून पुढं झाली आणि मणी सरकवायला गेली. एक बोट लावलं, मग दोन, मग सगळा पंजा. आणि मग तिनं आत माझ्याकडं तोंड करून विचारलं, "आक्का, मणी रुसलं काय?"

स्वप्नालीनं चिंचोके खाली ओतले. पोरं चिंचोके खेळून घरी गेली.

दुपारी सम्राट कामावर, मी औषधाच्या गुंगीत. सोप्यात स्क्रू काढल्याचा आवाज आला. मग थिनरचा वास. बघितलं तर स्वप्नाली चौकट मांडीवर घेऊन बसलेली, दात घासायचा जुना ब्रश थिनरमध्ये बुडवून मण्याच्या भोकात घासतीय. पहिला मणी सुटेना. ती घासतीय आणि पुटपुटतीय. मी कान दिला. "लाभ, लाभ, लाभ, लाभ." मणी सुटला, टक करून पलीकडं गेला. "दोन, दोन, दोन."

तिला कुणी शिकवलं नव्हतं. सात वर्षं वरखाली करताना कानावर पडलं असणार, मला पोत्यावर बसून पडलं तसं. घाई करत नव्हती. घड्याळवाली बाई, पण मणी सुटेपर्यंत तिनं आकडा सोडला नाही. मी हाक मारली नाही. हाक मारली असती तर ती उठली असती.

पहिली चौकट, म्हणजे सम्राटचीच, तिनं मोकळी केली. संध्याकाळी सम्राट दुकानाचं माप घ्यायला टेप घेऊन आला आणि म्हणाला, "हे काय काढून बसलीयास? भिंतीला छान दिसत हुतं की." तिनं ब्रश धुतला आणि स्वयंपाकाला लागली. त्याला आता आठवडा झाला. बाकीच्या चौकटी भिंतीवरच आहेत. मोकळी झालेली चौकट तिनं माझ्या कॉटखाली सरकवून ठेवलीय. मला सांगितलं नाही. मीही विचारलं नाही. आम्हा दोघींना एकमेकींशी नीट बोलता आलं असतं तर वकिलाची गरज पडली नसती.

कलम सहा, शेवटचं. सोपा आणि चौकटी.

स्वप्नालीनं लहान पोरांना सोप्यात शिकवायचं कबूल केलं, तर सोपा, त्यातल्या सगळ्या चौकटी, चिंचोके, पाट्या, काड्यांच्या जुड्या, वर सांगितलेली मापं आणि तराजू, हे सगळं तिच्या एकटीच्या नावावर मिळावं. सम्राटचा किंवा आणखी कुणाचा त्यावर हक्क राहणार नाही. सम्राट, रागावू नकोस. मालकांनी घर माझ्या नावावर केलं नसतं, तर ते गेल्यावर दिरांनी सोपा कधीच विकायला लावला असता आणि तुझ्यासाठी केलेली चौकट उघड्यावर पडली असती. बाईच्या नावावर दाराकडची खोली असली की ती कुणाला आत घ्यायचं ते ठरवू शकते. मला त्याचा उपयोग झाला, तिलाही होईल. दुकानासाठी तू भाड्यानं गाळा बघ.

स्वप्नालीनं नाही म्हटलं, तर सोपा सम्राटला, दुकानासकट, माझी तक्रार नाही. मात्र चौकटी आणि मापं कोडोलीच्या बालवाडीत पोचवायची. तिथं माझी चुलत बहीण मदतनीस आहे, तिच्या हातात द्यायची आणि व्हार्निश काढून द्यायची. एकही चौकट या घराच्या भिंतीवर शोभेसाठी राहता कामा नये, दुकानात तर मुळीच नाही. माझा फोटोही लावू नका. ज्याला हात लावता येत नाही असं माझं काही मागं ठेवायचं नाही.

स्वप्नालीनं हो म्हणावं अशी माझी इच्छा आहे, पण ती अट नाही. तिचा वरचा क्लास आहे, घर आहे, उद्या पोर होईल. माझ्यावर दया येऊन हो म्हणू नये. दयेनं बसलेली बाई महिन्याभरात पोरांवर खेकसते. मी स्वतः खेकसत आले, पण ते स्वभावानं.

या कागदाप्रमाणे सगळं करवून घ्यायची जबाबदारी अमरसिंह वकिलांची. त्यांनी फी घ्यावी, उगाच लाजू नये.

हे मृत्युपत्र मी स्वतः लिहिलं, पुन्हा वाचलं, आणि दोन्ही साक्षीदारांसमोर सही केली. त्यांनी माझ्यासमोर आणि एकमेकींसमोर आपापली निशाणी केली. दोघींनाही यातून काही मिळत नाही. धोंडुबाईंनी "मग मी कशाला आले?" असं विचारलं, ते चेष्टेनं होतं.

लिहून ठेवणार: झुंबरबाई आकाराम वरुटे (सही)

साक्षीदार: धोंडुबाई दत्तू कळके, शेजार, पश्चिमेकडचा (डाव्या हाताचा अंगठा)

साक्षीदार: मोना विश्वजित निगवेकर (सही. सही करताना म्हणाली, "राजवीर घरात अजून लाभच म्हणतोय, आक्का.")

ठिकाण: शिवाजी पेठ, कोल्हापूर
रविवार, १६ नोव्हेंबर २०२५

ता. क. वकील म्हणतात, मृत्युपत्र मेल्यावर उघडतात, जिवंतपणी त्यात उत्तर मागत नाहीत. मला मेल्यावर उत्तर घेऊन काय करायचंय? म्हणून याची एक प्रत त्यांच्याकडं आणि एक आजच आपल्या फ्रिजवर, दुधाच्या हिशेबाच्या चुंबकाखाली लावून ठेवली आहे. स्वप्नालीचा सकाळी पहिला हात तिथंच जातो.

स्वप्नाली, येत्या रविवारी, तेवीस तारखेला, मला दवाखान्यात भरती व्हायचंय. शनिवारी, बावीस तारखेला, दिवे लागायच्या आत तुझं उत्तर पाहिजे. सम्राटला विचारून सांगू नकोस, तुझं तू सांग. तोंडानं बोलायला अवघड वाटत असेल तर कॉटखालची चौकट काढ, सोप्यात बस आणि पहिला मणी सरकव. मी आत जागी असेन. लाभ म्हणालीस तर हो समजेन. नसेल जमत तर एक म्हण, मी रागावणार नाही. पण गप्प राहू नकोस. शनिवार, दिवे लागायच्या आत.

झुंबरबाई आकाराम वरुटे (सही पुन्हा केली, वकिलांनी करायला लावली)